घंटेतलं सोनं

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करतात. तो सध्या माझ्याकडेच राहू दे. तुझं उत्तर आलं की बघू.

आईला जाऊन पाच महिने झाले. मी तिथून निघाले तेव्हा तू म्हणाला होतास, "ताई, घाई कसली, बांगड्या कुठे पळून चालल्यात?" तेव्हा घाई नव्हती. आता घाई आहे. माझ्या दुकानाची खोली घरमालक विकतोय. एकवीस वर्षं ज्या खोलीत मी मशीनवर पाय झिजवले, ती मला हवी असेल तर मार्चअखेर अर्धी रक्कम आणून ठेव म्हणतो. नाहीतर समोरचा औषधवाला टपूनच बसलाय. ही खोली गेली की गिऱ्हाईक गेलं. पन्नाशी उलटल्यावर नव्या गल्लीत मला शाळेच्या गणवेशांचं काम कोण देणार?

घर तुला राहिलं, भट्टी तुला राहिली, बाबांची सगळी अवजारं तुला राहिली. मी हूं की चूं केलं नाही. आईच्या चार सोन्याच्या बांगड्या तेवढ्या माझ्या. आईने त्या एक दिवस हातात घातल्या नाहीत. मी पेटी उघडायला लावली की म्हणायची, "ठेवल्यात." कोणासाठी ठेवल्या असतील? तुझ्या बायकोसाठी तर नक्कीच नाही. त्या दोघींचं किती सख्य होतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

पोस्टाने पाठवू नकोस. कोणत्या रविवारी येऊ ते कळव.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तू आशीर्वाद अडवून धरलास, तरी माझा नमस्कार घे.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. बांगड्या त्याच्या दोन दिवस आधी गेल्या. आपल्या प्रार्थनाघराची नवी घंटा मी रविवारी ओतली. तीनशे किलोची आहे. बाबांच्या मागे दानाची घंटा ओतायची ही माझी पहिलीच वेळ. बाबांच्या वेळी व्हायचं तसंच सगळं झालं. लोक एकेक करून फळीवरून भट्टीच्या माथ्यावर चढले आणि तिथे दानासाठी ठेवलेल्या तोंडातून कोणी अंगठी, कोणी कानातलं आत सोडलं. सगळ्यांच्या शेवटी मी आईच्या चारही बांगड्या सोडल्या. त्या आता घंटेत आहेत.

तुला राग येईल. पण सोन्यावर भरवसा ठेवून कोणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही. खोलीची काळजी देवावर सोड. मी माझ्या सगळ्या काळज्या सोडल्यापासून मला शांत झोप लागते. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो.

धाकटा


१४ फेब्रुवारी

भगता,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चेष्टा करतोयस. दुसऱ्यांदा वाटलं बायकोने काहीतरी उद्योग केलाय आणि तू पांघरूण घालतोयस. तिसऱ्यांदा पटलं की तू खरोखरच एवढा बिनडोक आहेस.

तुला शांत झोप लागते हे वाचून आनंद झाला. माझी उडाली. दुसऱ्याची वस्तू देवाला वाहायची आणि पुण्य आपल्या पदरात पाडून घ्यायचं, हा धंदा बरा आहे. तुझ्या बायकोच्या गळ्यातली साखळी आहे ना जागेवर? तुझं घड्याळ आहे ना मनगटावर? मग देवाला नेमकं माझंच कसं लागलं?

म्हणे काळजी देवावर सोड. घरमालकाला जाऊन काय सांगू, रक्कम वरून निघाली आहे, जरा थांबा? देवावर भरवसा ठेवणं तुला परवडतं, कारण तुझ्या डोक्यावर बाबांनी बांधलेलं छप्पर आहे. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. माझं छप्पर मार्चअखेर जातंय आणि ते वाचवायला माझ्याकडे त्या चार बांगड्यांशिवाय काही नव्हतं. तुला हे माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. विचारलं असतंस तर कळलं असतं. भाऊ म्हणून निदान दोन ओळींचं पत्र टाकायचं होतंस.

मी प्रार्थनाघराच्या विश्वस्तांना लिहिणार आहे. तुमच्या घंटेत चोरीचं सोनं आहे म्हणून कळवणार आहे. मग बघू तुझा देव कोणाची बाजू घेतो.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

विश्वस्तांना खुशाल लिही. पण चोरी हा शब्द जपून वापर.

बायकोच्या साखळीबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. ती जुलैत विकली. आईचं औषध त्यातून आलं. जिच्याशी आईचं पटत नव्हतं असं तू गल्लीच्या साक्षीने लिहिलंस, तिनेच ती स्वतः गळ्यातून काढून दिली. घड्याळ तर त्याच्याही आधी गेलं. हे तुला कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

आई सात महिने अंथरुणावर होती. तू दोनदा आलीस. दोन्ही वेळा चहा संपायच्या आत पेटी उघडायला लावलीस. दुसऱ्यांदा तू गेल्यावर आईने विचारलं, "ती मला बघायला आली होती का पेटीला?" मी म्हटलं, तुला. आजारी माणसाशी मी खोटं बोललो, त्याची माफी मी मागितली आहे. तुझ्याकडे नव्हे.

बांगड्या का दिल्या त्याला कारण आहे. ते तुला न कळलेलंच बरं. मी दगडाच्या काळजाचा आहे असं समज आणि सोडून दे.

धाकटा


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

साखळीचं मला ठाऊक नव्हतं. तेवढे शब्द मागे घेते. बाकीचे जागेवर आहेत.

दोनदा आले, कारण जूनमध्ये शाळा उघडतात आणि गणवेश वेळेवर दिले नाहीत तर पुढच्या वर्षी काम दुसऱ्याकडे जातं. आई माझ्या येण्याबद्दल असं काही म्हणाली असेल यावर माझा विश्वास नाही. पण तू वर्मी घाव घातलास, तर आता माझाही एक घे. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, ते आज मोडते.

तू सोडलेल्या बांगड्या घंटेत गेल्याच नाहीत.

भट्टीच्या माथ्यावरचं ते दानाचं तोंड, ज्यात लोक डोळे मिटून दागिने सोडतात, ते रसावर उघडतच नाही. आत एक विटांची नळी आहे. ती भिंतीतून तिरकी खाली उतरते आणि मागच्या राखेच्या खड्ड्यात संपते. तांब्या-कथलाचा रस राहतो बाजूला, आणि सोनं पडतं राखेत. बाबांनी भट्टी बांधली तेव्हाच तशी बांधली. मागे जमिनीलगत लोखंडी दार आहे ना, राखेचं? त्यातून मोठं माणूस जात नाही. नऊ वर्षांची मुलगी जाते. घंटा ओतली की दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा मला चाळणी देऊन आत पाठवायचे. कोपरं सोलून निघायची, केसात राख भरायची. तेव्हा तू अंगणात घंटा घंटा खेळायचास.

पहिल्या खेपेला मी विचारलं होतं, बाबा, हे देवाचं ना? त्यांनी मला मांडीवर घेऊन समजावलं. "सोनं रसात पडलं की घंटा मुकी होते. लोकांना सांगितलं तर त्यांचं मन मोडतं. म्हणून दान घ्यायचं आणि घंटा वाचवायची." त्या सोन्यातून भट्टीचा कोळसा आला, कथील आलं, तुझ्या मोडलेल्या पायाचं ऑपरेशन झालं. तुला अजून वाटतं ना की तू प्रार्थनेने बरा झालास? राखेने बरा झालास.

तेव्हा भगता, तुझं दान देवापर्यंत पोचलेलंच नाही. खड्ड्यात पडलंय. लांब दांड्याचं फावडं घे आणि उपस. चार बांगड्या मला दे, बाकीचं लोकांचं काय करायचं ते तुझ्या देवाला विचार. खोलीला अजून महिना आहे.

ताई


२ मार्च

ताई,

राखेत काही नाही. ती नळी मीच बुजवली. जानेवारीत दोन दिवस भट्टीत उतरून विटा बसवल्या. दानाचं तोंड आता सरळ रसावर उघडतं.

मला सगळं माहीत होतं. आईने जायच्या आधी सांगितलं. राखेत तू उतरायचीस हेही सांगितलं, पण मला वाटलं तू इतकी लहान होतीस की तुला त्याचा अर्थ कधी कळला नसेल. निदान तुझ्यापाशी तरी बाबांचं नाव स्वच्छ राहावं म्हणून गप्प राहिलो. तू माझ्यासाठी गप्प होतीस आणि मी तुझ्यासाठी. एवढं करून आपण एकमेकांना काय काय लिहिलं ते बघ.

आता बांगड्यांचं ऐक. त्या बाबांनी बाजारातून आणल्या नव्हत्या. राखेतलं सोनं साठवून दूरच्या सोनाराकडून घडवून आणल्या. आई म्हणाली, "ज्याचं त्याला पोचव." मी विचारलं, ताईला देऊ? तर म्हणाली, "तिला मुळीच नको. तिच्याच हाताने निघालंय ते. तिच्या हातात परत पडू देऊ नकोस." हे तुला कधीच सांगायचं नव्हतं. तू पेटीसाठी येतेस असं ती म्हणाली त्याचा अर्थही हाच होता. तिला तुझा राग नव्हता, तिला ती पेटी तुझ्या नजरेसमोर नको होती.

सोन्याने घंटा मुकी होते हे आईनेही सांगितलं, बाबांचे शब्द म्हणून. तरी मी बांगड्या सोडल्या आणि लोकांचंही सगळं रसात जाऊ दिलं. मुकी निघाली तर दुसरी फुकट ओतून देईन आणि भट्टी कायमची विझवीन. मला शांत झोप लागते असं लिहिलं होतं ते खरं नाही. भरवसा ठेवायचा असं ठरवलंय, एवढंच खरं.

पायाचं तू लिहिलंस ते मात्र मला माहीत नव्हतं.

धाकटा


६ मार्च

धाकट्या,

गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. आई असं म्हणाली याला साक्षीदार कोण? तू. आणि तुझ्यावर विश्वास ठेवायचा तर कशाच्या जोरावर?

बाबा चोर नव्हते. हे नीट वाच आणि तुझ्या देवालाही वाचून दाखव. ते घंटा वाचवत होते. त्यांच्या हातची एक तरी घंटा बद्द वाजली का सांग. पंचक्रोशीत कुठेही जा, सकाळी जी घंटा खणखणते ती त्यांची. सोनं रसात जाऊ दिलं असतं तर हा लौकिक मिळाला असता? उरलेलं त्यांनी पोराबाळांच्या तोंडी घातलं. दोन लेकरांचा बाप दुसरं काय करणार होता?

तू मात्र तीनशे किलोच्या घंटेची माती केलीस. बाबांची भट्टी फोडून तिच्यात स्वतःचं शहाणपण बसवलंस. टांगायच्या दिवशी ती पत्र्याच्या डब्यासारखी वाजेल, तेव्हा सगळ्यांना कळेल की बाबा काय होते आणि तू काय आहेस. त्या दिवशी मी येणार आहे. तुझं तोंड बघायला.

काल औषधवाला खोलीची मापं घेऊन गेला. टेप विसरला होता. माझ्याकडूनच मागून घेतली आणि माझ्यासमोर भिंती मोजल्या. मी दिली. आणखी काय करणार?

ताई


१८ मार्च

ताई,

२६ तारखेला, रविवारी सकाळी घंटा टांगतो आहे. तिला अजून कोणी टोला दिलेला नाही. जागेवर टांगेपर्यंत द्यायचा नाही, हा बाबांचाच नियम, तो मी पाळला आहे. त्यामुळे काय होणार ते मलाही ठाऊक नाही.

रस्त्याकडची पुढची खोली रिकामी केली आहे. उजेड चांगला येतो. सोनं देऊ शकत नाही, खोली देऊ शकतो. बायकोनेच सुचवलं.

ये.

धाकटा


२८ मार्च

धाकट्या,

मी आले होते. तुला दिसले नाही, कारण दिसायचं नव्हतं. फाटकापाशी गर्दीच्या मागे उभी होते. तू दोराशी उभा होतास, पांढराफटक पडून. ते बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

तू दोर ओढलास तेव्हा मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, मुकी निघू दे. मुकी निघू दे. माझे हातही जोडलेले होते, ते मला नंतर कळलं. प्रार्थना म्हणतात ती हीच असेल तर पन्नास वर्षांत मी ती पहिल्यांदा केली, आणि तीही तुझं वाटोळं व्हावं म्हणून.

घंटा चांगली वाजली. बाबांच्या कोणत्याही घंटेइतकी चांगली. लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. तू गुडघ्यांवर बसलास. तू त्याला चमत्कार म्हणत असशील तर खुशाल म्हण. मी दोन दिवस विचार करत होते आणि गोष्ट फार साधी आहे. तीनशे किलो धातूत चार बांगड्या आणि मूठभर अंगठ्या म्हणजे अख्ख्या ताग्यात एक टाका. त्याने काय होणार? काहीच होत नाही. कधीच होत नव्हतं. मी रोज कापड मोजणारी बाई, आणि मला हे चाळीस वर्षांत एकदा सुचलं नाही.

बाबांना सुचलं नसेल असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. रसाचा नुसता रंग बघून कथील किती कमी पडलं ते सांगणारा माणूस तो. त्यांना माहीत होतं. मांडीवर घेऊन त्यांनी मला जे सांगितलं, ते सांगतानाही माहीत होतं. मी तुझ्या श्रद्धेला आयुष्यभर हसले आणि स्वतः त्यांच्या एका वाक्यावर विसंबून जगले. तू मला हे दाखवलंस, त्याबद्दल मी तुला माफ करत नाही. तुझ्याकडे तुझा देव आहे. माझ्याकडे बाबा होते.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती लिहिण्यासाठीच हे पत्र घेऊन बसले.

फाटकापाशी माझ्या शेजारी म्हातारी सुईणबाई उभी होती. आपण दोघंही जिच्या हातावर जन्मलो ती. आता तिला नीट दिसत नाही, मला ओळखलं नाही. कोणाशी तरी बोलायचं म्हणून माझ्याशी बोलायला लागली. म्हणाली, वरच्या गावाच्या जुन्या घंटेत तिची कर्णफुलं आहेत. मुलगा तापातून उठला तेव्हा तिने दिली होती. पुढे नवऱ्याने घर विकलं, मुलगा लांब गेला तो गेलाच, आज ती कोणाच्या तरी ओसरीवर राहते. मला म्हणाली, "सगळं गेलं गं, पण ती कर्णफुलं कोणाला नेता आली नाहीत. सकाळी घंटा वाजली की वाटतं, माझं काहीतरी अजून जागेवर आहे." हे ती इतक्या आनंदाने सांगत होती की मला तिथे उभं राहवेना. मी कोणाला न भेटता स्टँडवर आले.

ती कर्णफुलं मला आठवतात. लहानशी होती, एकाची पाकळी तुटलेली.

खोली गेली. औषधवाला एक तारखेला सामान आणतोय. मशीन सध्या शेजारणीच्या जिन्याखाली ठेवते आहे. तुझ्या पुढच्या खोलीचं अजून ठरवलेलं नाही, बायकोला तसं सांग, आणि साखळीबद्दल मी लिहिलं होतं ते तिने वाचलं नसेल तर वाचायला देऊ नकोस.

सुईणबाईला खरं सांगावं असं तुला आज ना उद्या वाटणारच, मी तुला ओळखते. सांगावं की नाही हे मला कळत नाही. तिच्यापाशी तेवढंच उरलंय आणि ते तर तिथे नाहीच. तू ठरव. पण जायचं ठरलं तर एकटा जाऊ नकोस, आधी मला कळव. बोलेन मी. ती कर्णफुलं राखेतून मी उचलली होती.

ताई